पर्वत प्रकारातली रोशनी

माझ्या ओळखीत एक पर्वत आहे. तो मूल नावाच्या तालुक्यातला आहे, दोन वेण्या घालतो, वरणभातावर लाल तिखट भुरभुरतो आणि तोंडात घास असतानाही बोलतो. पर्वत हे नाव मी ठेवलेलं नाही. तसं त्याला रीतसर, छापील कागदावर, खाली सही करून कळवण्यात आलं होतं.

नाव रोशनी शेंडे. गडचिरोलीच्या मुलींच्या वसतिगृहात ती माझ्या खोलीत होती. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, ती माझ्या एक वर्ष मागे. मी आलापल्लीची. वडील जंगल खात्याच्या लाकूड आगारात, आई मितभाषी, भाऊ त्याहून मितभाषी. आमच्या घरी जेवताना फक्त पाण्याचा तांब्या सरकवल्याचा आवाज व्हायचा. अशा घरातून आलेल्या मुलीला खोलीत जोडीदार म्हणून कोण मिळावं, तर रोशनी. वसतिगृहाच्या बाईंना माणसांच्या जोड्या लावायची फार चांगली जाण होती.

ती आल्याचं फाटकापासूनच कळायचं. "आली होऽ मी!" अशी हाळी. कोणाला, ते कोणालाच माहीत नसायचं. मग जिन्यावरून धावतं वर्णन: "आता जिना चढून राह्यली... चपलेचा अंगठा गेला वाट्टे... इथी पाणी कोणं सांडलं वं?" बादली घेऊन न्हाणीघराकडे निघाली तरी तिथे पोचेपर्यंत स्वतःशीच मोठ्यांदा बोलत जाणार. सुरुवातीला मला वाटलं हिला कमी ऐकू येत असेल. मग वाटलं, लाडावलेली असेल. तसं विचारलं तर म्हणाली, "तसं नाई ना ताई, चूप चाललं का कसंसंच वाट्टे." मला तिच्या बोलण्याने कसंसंच व्हायचं, पण ते तिच्या लक्षात यायला तिने थांबायला तर हवं.

तिचा अर्थशास्त्राचा पेपर राहिला होता. वसतिगृहाच्या बाईंनी बजावून ठेवलं होतं, की यंदा अर्थशास्त्र सुटलं नाही तर पुढच्या वर्षी जागा मिळणार नाही. तिच्या गावाहून कॉलेजच्या वेळेला बस नाही. म्हणजे जागा गेली की शिक्षण गेलं. घरून धमक्या वगैरे काही नव्हत्या. बाप तलावात जाळं टाकणारा, माय धानाच्या बांधीत. घरची माणसं प्रेमळ होती, नुसती म्हणाली असती, बरं, ये, रोवणीला माणूस कमीच आहे.

"रोवणी मले मस्त येते ताई," ती म्हणायची. "त्याचंच तर टेन्शन आहे. एकडाव उतरली बांधीत, तर मले कोणी वर येऊ देनार नाई."

म्हणून ती अभ्यास करायची, असं मात्र नाही. ती अभ्यासाच्या योजना करायची. योजनेसाठी रंगीत पेनं, योजनेसाठी पट्टी, योजना भिंतीवर चिकटवायला भाताची शितं. पहाटे उठण्याची योजना झाली, ती उठायच्या आधीच बारगळली. मग जेवणानंतरची योजना. मग रविवारी आठवडाभराचा अभ्यास एकदम उरकायची योजना. प्रत्येक योजना लिहून झाली की तिला इतकं समाधान वाटायचं की ती लगेच झोपायची. झोपेतही बोलायची, पण अर्थशास्त्रावर कधीच नाही.

अशा परिस्थितीत आमच्या कॉलेजात व्यक्तिमत्त्व विकासाची कार्यशाळा झाली. नागपूरहून एक सर आले. भर उकाड्यात जॅकेट घातलेलं, त्यामुळे त्यांचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, जॅकेट राहिलं. त्यांनी सांगितलं की जगातली सगळी माणसं चार प्रकारांत बसतात: पर्वत, नदी, वारा आणि ज्योत. आपण कोण ते एकदा कळलं की अभ्यास आपोआप सुधारतो. हे ऐकून प्राध्यापकांनी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या, कारण आपोआप सुधारणा त्यांनाही हवीच होती.

मग प्रश्नांचे कागद वाटले. रोशनीने आपला कागद संध्याकाळी खोलीत अख्खा वाचून दाखवला, म्हणून मला तिची उत्तरं पाठ आहेत. संध्याकाळी एकट्याने फेरफटका मारायला आवडतं का? मुळीच नाही. मोकळ्या निसर्गात गेल्यावर तुमची मनःस्थिती कशी असते? सावध. नवी वाट आवडते की मळलेली? मळलेली. अचानक एखादं आव्हान समोर उभं राहिलं तर तुम्ही काय कराल? याला तीन पर्याय होते: पळ काढाल, मदतीला कुणाला बोलवाल, की जागेवर स्थिर उभे राहून नजरेला नजर द्याल. रोशनीने डोळे झाकून तिसऱ्यावर खूण केली होती.

"पळालं का संपलंच ना ताई," ती म्हणाली. "पाठ दाखवली का थो झेप घेते."

"कोण तो?"

"थोच!"

तिच्या गावात त्याचं नाव घेत नाहीत. सरांनी आव्हान म्हणून जे काही मनात धरलं असेल, मुलाखत, मोठी परीक्षा वगैरे, ते धरलं असेल. मूल, सावली, सिंदेवाहीकडच्या सगळ्या पोरींनी मात्र पट्ट्यांचा वाघ धरला. गावाबाहेर पाऊल टाकायचं तर त्याचाच विचार आधी करायचा, अशी सवय लागलेल्या मुली त्या. निकाल काय लागणार होता? रांगेच्या रांगा पर्वत निघाल्या. स्थिर, सावध, खोल, न डगमगणाऱ्या. सर अक्षरशः गहिवरले. "इतकी स्थिर पिढी मी महाराष्ट्रात कुठेही पाहिली नाही," असं ते माइकवरून म्हणाले. मी आलापल्लीच्या बाजारपेठेत वाढलेली. आव्हान दिसलं की पळ काढेन, असं खरंखुरं लिहून आले होते. मी वारा निघाले. माझ्याबद्दल सरांना फारशी आशा वाटली नाही.

शेवटी प्रत्येकाने 'माझा व्यक्तिमत्त्व प्रकार आणि माझ्या शैक्षणिक सुधारणेची योजना' या विषयावर निबंध लिहून द्यायचा होता. योजना! रोशनीचा तर हक्काचा विषय. पर्वताने बोलण्यात शक्ती दवडू नये, एकांतात आणि मौनात अभ्यास करावा, असं सरांनी सांगितलं होतं. ते तिने इतक्या सुंदर अक्षरात उतरवलं की निबंधाला 'उत्कृष्ट' असा शेरा मिळाला. तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी खोल म्हटलं होतं. ती आरशासमोर उभी राहून स्वतःकडे बराच वेळ बघत होती.

"ताई, म्हणजे मी आतापर्यंत चुकीचीच वागत होती," ती म्हणाली. आणि तिचं बोलणं बंद झालं.

मला वाटलं, ही योजनाही आधीच्या योजनांच्या वाटेने जाईल. नाही गेली. नेमकी हीच टिकली. ती गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे भिंतीकडे तोंड करून बसायची. खानावळीत बोटाने वरण दाखवायची, बोटानेच बस म्हणायची. स्वयंपाक करणाऱ्या कमलाबाई आधी हसल्या, मग काळजीत पडल्या. "काऊन वं रोशनी, पोट दुखून राह्यलं का?" रोशनीने पर्वत असल्याचा कागद त्यांच्यापुढे धरला. कमलाबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि मला विचारलं, "हे कायचं औषध आहे?" वसतिगृहाच्या बाईंना प्रेमप्रकरणाचा संशय आला. त्यांना मुलीच्या कुठल्याही बदलात प्रेमप्रकरणच दिसायचं. एका मुलीला कांजिण्या आल्या तेव्हाही त्यांनी आधी तीच चौकशी केली होती.

मी मात्र सुखात असायला हवं होतं. जी शांतता मागत होते ती पदरात पडली होती. आणि मला चैन पडेना. खोलीत कुणीतरी आहे आणि त्याचा आवाज नाही, याची मला भीती वाटायला लागली. ती समोरच्या खाटेवर बसलेली असताना मला तिची आठवण यायची. हे कुणाला सांगायचीही लाज वाटत होती, कारण आधी तिच्याविरुद्ध सगळ्यात जास्त तक्रारी माझ्याच होत्या.

मग तिचे वडील आले. फोनवर पोरगी नुसती 'हूं' करते म्हणून सुकी मासळी बांधून घेऊन पहिल्या बसने आले. फाटकाशी मला गाठून म्हणाले, "बाई, माह्या पोरीले काय झालं? तिची माय म्हणते, कोणं काही केलं का जाऊन पाहा."

"ती पर्वत झालीय, काका."

त्यांनी मासळीची पुडी दुसऱ्या हातात घेतली. "आमच्या घरी कोणी पर्वत नाई बापा. आमी सारे तलावावरचे."

ते तिच्याजवळ बाकावर बसले. तलावात यंदा पाणी किती, माशांची बोटुकली कधी सोडली, शेजारच्यांची बकरी कशी विहिरीत पडली आणि कशी काढली, सगळं सांगितलं. ती मान हलवत राहिली. बकरीच्या गोष्टीला तर तिचे ओठ नुसते थरथरत होते, पण पर्वत ढळला नाही. उठताना ते म्हणाले, "बिमार असशीन तर घरी चाल. नसशीन तर बोल वं, एक शब्द तरी बोल." तिने त्यांचे पाय धरले आणि वर गच्चीवर पळाली. तिथे ती रडली. योजनेप्रमाणे, आवाज न करता.

एवढ्या तपश्चर्येनंतर सराव परीक्षा झाली. अर्थशास्त्रात ती आधी नापास व्हायची ती काहीतरी लिहून तरी व्हायची, आता कोराच कागद देऊन झाली. अर्थशास्त्राच्या सरांनी विचारलं, तीन तास काय करत होतीस? तिने लिहून दिलं: चिंतन. परीक्षा तोंडावर आली होती, जागा जाणार हे वसतिगृहातल्या मांजरालाही कळलं होतं, आणि हिने योजनेत सुधारणा केली ती एवढीच, की आता मान हलवणंही कमी करायचं.

होळीनंतरच्या सुट्टीत ती मला गावाला घेऊन गेली. म्हणजे माझा हात धरून बसमध्ये बसवलं. मला वाटतं तिला एकटीने आईसमोर जायची हिंमत नव्हती. मोहाचे दिवस होते. उजाडता उजाडता बायका टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघाल्या, आम्हीही निघालो. एकापाठोपाठ एक अशी लांबच लांब रांग, आणि रांगेतली प्रत्येक बाई गळा फाडून बोलत होती. सून, सासू, लग्न, दाढदुखी, कुणाच्या कोंबड्या. ऐकायला कुणी मोकळं नव्हतं, पण त्याची कुणालाच पर्वा नव्हती. पुढे रोशनी, मागे मी, आणि आमच्या दोघींच्या जागी रांगेत एक भोक पडल्यासारखी शांतता. तिची माय थांबली.

"बोल वं."

रोशनीने तोंडावर बोट ठेवलं. मायने ते बोट झटकून खाली केलं. एरवी हसरी बाई, पण त्या वेळचा तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"तुही मावशी चूपच चालली होती. याच वाटेनं. भांडण झालतं म्हणून एकटी, तोंड फुगवून. आपला आवाज त्याले दुरून गेला तर थो आपला बाजूले होते. त्याले कळलंच नाई कोणी येऊन राह्यलं. तिलेबी नाई कळलं. मंग काय भेटलं आमाले? लुगडं भेटलं. बोल!"

तेव्हा मला फाटकातल्या हाळीचा, जिन्यावरच्या वर्णनाचा, न्हाणीघराच्या वाटेवरच्या बडबडीचा अर्थ लागला. त्या घरातल्या पोरांना चालायला आणि बोलायला एकत्रच शिकवलं होतं.

रोशनी बोलायला गेली, तर तिला काही सुचेना. इतके महिने बोलली नव्हती, गावातलं तिला काही माहीत नव्हतं. डोक्यात फक्त टाकीमागे बसून वाचलेलं होतं. ती ओरडली, "घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत!"

रांग क्षणभर थबकली. पुढून मोठी माय, म्हणजे तिची थोरली काकू, ओरडली, "मंग?"

"मंग... समजा लय तहान लागली! पहिला गिलास पाणी लय गोड लागते!"

"पाणी कायले? चहा सांग!"

"बरं, चहा! पहिला कप लय मस्त! दुसरा बरा! तिसरा त्याच्याहून कमी!"

"मले तिसराबी मस्त लागते!"

"दहावा लागन का?"

"देऊन तर पाहा कोणी!"

बायका खिदळल्या. आणि शेपटाकडून आरोळी आली, "काय म्हणते वं? मांगं ऐकू नाई आलं!" तिने पुन्हा सांगितलं, आणखी जोरात. मग रांगेच्या तोंडाकडच्यांना शंका आली, मग मधल्यांना. मोठी माय चहावरून हटायला तयार नव्हती, तिला पटवायला सिद्धांताच्या अटी सांगाव्या लागल्या, अपवाद सांगावे लागले. मोहाखाली वाकून फुलं वेचतानाही तेच चाललं. बायकांना अर्थशास्त्र समजलं असं म्हणवत नाही. त्यातल्या निम्म्यांचं ठाम मत झालं की ही कॉलेजात चहाचं शिक्षण घेते. पण रोशनीला समजलं. परत येताना ती मागणीच्या नियमावर होती, आणि तिचा घसा बसला होता. मला इतका आनंद झाला की मी माझी भरलेली टोपली वाटेत विसरले.

सुट्टी संपेपर्यंत ती रोज त्या रांगेबरोबर गेली. परीक्षेच्या आधी गडचिरोलीला परतली ती फाटकापासून ओरडतच. कमलाबाईंनी डाळीचा डाव तिथेच टाकला आणि बाहेर येऊन तिची अलाबला घेतली.

आता सगळं सुरळीत होईल असं ज्याला वाटलं असेल त्याने परीक्षेचं सभागृह पाहिलेलं नाही. तिथे चूप बसावं लागतं. अर्थशास्त्राच्या दिवशी रोशनी माझ्या पुढच्याच बाकावर होती. पेपर हातात पडला आणि तिचे ओठ हलायला लागले. मग पुटपुट. मग जरा स्पष्ट: "आता पाहा, समजा..." दुसऱ्या कॉलेजातून आलेले पर्यवेक्षक तिच्या डोक्यावर येऊन उभे राहिले.

"कोणाला उत्तरं सांगतेस?"

तिने खरं ते सांगितलं. "मागच्यांले, सर."

मागे मी बसले होते.

पर्यवेक्षकांनी तिची उत्तरपत्रिका काढून घेतली, मला उभं केलं, केंद्रप्रमुखांना बोलावणं गेलं. कॉपीची केस झाली तर पेपर रद्द, पेपर गेला की जागा गेली. माझा पेपर मराठी साहित्याचा होता हे मी सांगत होते, पण आमच्या घरच्या आवाजात. आणि जिला अख्खं जंगल ऐकवता यायचं ती रोशनी एक शब्द बोलेना. ती जागेवर ताठ उभी होती, हलत नव्हती, आणि पर्यवेक्षकांच्या डोळ्यांत डोळे घालून बघत होती. पापणीसुद्धा लवत नव्हती. थोड्या वेळाने पर्यवेक्षकच मागे सरले.

केंद्रप्रमुख भला माणूस होता, शिवाय सावलीकडचा. त्याने दोन्ही प्रश्नपत्रिका पाहिल्या, रोशनीकडे पाहिलं, गाव विचारलं आणि पुढे काही विचारलं नाही. शेजारी तुटक्या बाकांची खोली होती, तिथे तिला एकटीला बसवलं आणि पहाऱ्याला शिपाई देवाजीभाऊ दिले. वेळ संपल्यावर देवाजीभाऊ घाम पुसत बाहेर आले. मला म्हणाले, "तुमची पोट्टी डेंजर आहे बाई. खोलीभर चालू चालू लिहून राह्यली होती. मले म्हणे, भाऊ, तुमी फकस्त 'मंग?' म्हणत राहा."

निकाल लागला तेव्हा मी आलापल्लीला होते. तिचा फोन आला, आधी काही कळलंच नाही, नुसता गलका. मग "सुटला ताई! अर्थशास्त्र सुटला!" मी फोन कानापासून लांब धरला आणि रडले. आमच्या घरात रडण्याचा आवाज फारसा कुणी ऐकलेला नव्हता, त्यामुळे आई पाणी घेऊन धावत आली.

पुढे पावसाळ्यात मी दाखला आणायला कॉलेजात गेले, तर सभागृहात जॅकेटवाले सर आलेले. नवीन मुलींसाठी तीच कार्यशाळा. आणि व्यासपीठावर, यशस्वी पर्वताचं जिवंत उदाहरण म्हणून, रोशनी. मला वाटलं आता ही खरं काय ते सांगेल, सरांच्या जॅकेटची काही खैर नाही. तिने कागदावरून शुद्ध भाषेत सुरुवात केली: "माझ्या यशाचे संपूर्ण श्रेय मौनाला आहे." सर प्रसन्न झाले.

आणि मग ती मौनाचं महत्त्व सांगत सुटली. कागद संपला, शुद्ध भाषा संपली, सर घड्याळ बघायला लागले, प्राचार्य खोकले, चहा येऊन थंड झाला, ती मौनावर बोलतच होती. तिला मनापासून वाटत होतं की योजना यशस्वी झाली. अखेर सरांनी हसत हसत तिच्या हातातला माइक काढून घेतला. त्याने काही फरक पडला नाही. उलट आवाज जरा मोठाच झाला.

मला बस गाठायची होती. मी दारातूनच पाहत होते, निघणार तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. तिने मौन तिथेच सोडलं आणि मुलींच्या सगळ्या रांगांवरून मला हाळी दिली, "ताईऽ! जागा भेटली वं! थेच खोली! तुह्या खाटेवर मी कोणाले बसू नाई देत!"

सगळं सभागृह मागे वळून माझ्याकडे बघायला लागलं. जॅकेटवाले सरसुद्धा. मी बस जाऊ दिली.